दोघांपुरतं इंग्रजी

सलूनवाल्याला सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणायची आणि त्याला त्याचा अभिमानच होता. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केसांवर पाण्याचा फवारा मारला की त्याचं सुरू. समोरच्या इमारतीची लिफ्ट सारखी का बंद पडते इथपासून माणसानं कुठल्या कुशीवर झोपावं इथपर्यंत कुठलाही विषय त्याला चालायचा. वस्तरा गळ्याशी असताना समोरच्याला तोंड उघडता येत नाही म्हणून याचं फावतं, असं लोक म्हणायचे. त्यावर तो म्हणायचा, "केस काय, कुठेही कापून मिळतील. माझ्याकडून माणूस हलका होऊन जातो."

घरीही तोच प्रकार. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून तो घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि दिवसभरात कोण आलं, कोण काय म्हणालं, आपण त्याला कसं गप्प केलं, हे सगळं रंगवून सांगायचा. बायको पोळ्या लाटता लाटता "हं" म्हणायची, "मग?" म्हणायची. तिच्या त्या "मग?"वर तो आणखी अर्धा तास चालायचा. मुलगी लहान होती तेव्हा म्हणायची, "आई, बाबांना बंद करायचं बटण कुठे आहे गं?" मायलेकी हसायच्या, तोही हसायचा. घर सुखाचं होतं, असं त्याला वाटायचं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

बायको दोन चौक सोडून एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होती. अवजारं उकळून ठेवायची, पेशंटच्या गळ्यात रुमाल अडकवायचा, चूळ भरायला पेला पुढे करायचा. हाताची हलकी, बोलायला कमी. मुलगी कॉलेजात गेली त्या सुमारास म्हातारे दंतवैद्य निवृत्त झाले आणि त्यांची सून खुर्चीवर आली. तिच्याकडे येणारे पेशंट निराळे. फोन वाजला की पलीकडून इंग्रजी. बायकोला ते येत नव्हतं. फोन वाजतोय आणि आपण मुद्दाम नळ सोडून अवजारं धुतोय, असं ती कितीतरी दिवस करत राहिली. शेवटी एकदा डॉक्टरीणबाईंनीच तिला जवळ बसवून सांगितलं, "तुमच्या हातात माणसाची भीती घालवायची कला आहे. तेवढं बोलणं शिका. फोन तुमच्याकडेच देते."

कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर एका निवृत्त शिक्षिकेचा बोलक्या इंग्रजीचा क्लास होता. चाळिशी उलटलेली ती बाई तिथे जाऊन बसली, आजूबाजूला नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणारी पोरं. पहिले काही आठवडे तिची जीभ टाळूला चिकटलेलीच असायची. मग ती घरी सराव करायला लागली. कपड्यांना इस्त्री करताना शर्टाच्या कॉलरला सांगायची, "प्लीज सिट डाउन." कुकरला म्हणायची, "वन मिनिट, प्लीज." नवरा दारात उभा राहून बघायचा आणि दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये त्याची नक्कल करायचा. "आमच्याकडे आता कुकरलासुद्धा अपॉइंटमेंट घ्यावी लागते!" दुकान हसून लोळायचं. कोणीतरी ते तिच्या कानावर घातलंच असणार. नंतर ती सराव गच्चीवर करायला लागली.

पण शिकली. चुकतमाकत, अडखळत, पुढे न अडखळता. फोन वाजला की पदर सावरून उचलायची आणि स्वच्छ आवाजात बोलायची. घाबरलेल्या पेशंटला खुर्चीत बसवताना तिचं ते हळू, नेमकं इंग्रजी ऐकून माणसं शांत व्हायची. डॉक्टरीणबाईंनी तिला बसायला वेगळं टेबल दिलं. त्या टेबलामागे ती घरच्यापेक्षा थोडी उंच दिसायची. अशी काही वर्षं बरी गेली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली.

आणि मग एका सकाळी, फोनवर कोणाला तरी वेळ देता देता, तिच्या हातातून फोन निसटला. डॉक्टरीणबाई धावत आल्या तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं होतं.

सलूनवाला अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच टाकून इस्पितळात पळाला. मेंदूतला रक्तप्रवाह अडला होता. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि ती बोलेना. डोळे उघडायची, बघायची, पुन्हा मिटायची. तो खाटेशेजारी स्टुलावर बसून बोलत राहायचा. त्याला दुसरं येत काय होतं? दुकानातलं सांगायचा, मुलगी निघाली आहे म्हणून सांगायचा, शेजारच्या बाईनं विचारपूस केली ते सांगायचा. एका दुपारी तिनं मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अगं, ओळखलंस का मला?"

तिचे ओठ हलले. मग अगदी स्पष्ट शब्द आले, "प्लीज वेट, सर."

त्याला वाटलं, गंमत करतेय. तो मोठ्यानं हसला. बाजूच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. ती हसत नव्हती. स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडलं ते ऐकून तीच दचकली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "वेट... सर, प्लीज... वेट."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. असं क्वचित होतं. मेंदूला मार बसला की कधी कधी मागाहून शिकलेली भाषा आधी परत येते आणि आईकडून आलेली मागे राहते. पुढे येईलही. सांगता येत नाही. मुलगी पोचली होती, ती आईशी इंग्रजीत बोलली. आईनं दोन-दोन शब्दांत उत्तरं दिली. तहान लागली आहे. पाठ दुखते. खिडकी लावा. सलूनवाला दोघींच्या मध्ये उभा राहून एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायकोचं बोलणं लेकीकडून समजून घ्यायची पाळी आली होती.

मुलीचं तान्हं मूल होतं, नोकरी होती. ती किती दिवस राहणार? ती गेली आणि घरात दोघंच उरली.

मग त्यानं आपल्या पद्धतीनं कंबर कसली. चमचा समोर धरायचा आणि म्हणायचा, "म्हण, चमचा. च-म-चा." ती त्याच्या तोंडाकडे बघत ओठांची जुळवाजुळव करायची. घशातून नुसता आवाज यायचा. कपाळावर घाम फुटायचा. "स्पून," असं ती हरल्यासारखी म्हणायची आणि तोंड फिरवायची. वाचा सुधारायला शिकवणारी एक मुलगी घरी येत असे. तिनं हा प्रकार पाहिला आणि ती त्याच्यावर रागावली. "काका, असं करू नका. त्यांचं जे दार उघडं आहे तिथून आत जा. बंद दारावर धडका मारून काय होणार? आणि तुम्ही फार भरभर बोलता. तुमचं बोलणं त्यांना लांबून कुठून तरी गर्दीचा आवाज यावा तसं ऐकू येतं."

गर्दीचा आवाज. त्याला ते फार लागलं.

त्यानंतर सकाळी घरकामाला येणाऱ्या बाईला तासभर जास्त थांबायला सांगून तो कापडदुकानाचा जिना चढला. आत वीस-पंचवीस वर्षांची पोरं, आणि मागच्या बाकावर पिकल्या केसांचा हा. ज्याच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे गल्लीत कोणी टिकत नसे त्याला क्लासच्या बाईंनी उभं करून नाव-काम सांगायला लावलं, तर त्याची बोबडी वळली. "आय... आय अ‍ॅम... केस..." पोरं हसली. वाईट हेतू नव्हता, पण हसली. कान तापले, मान खाली गेली. कोणी हसलं की काय होतं ते त्याला त्या दिवशी कळलं, आणि गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या चादरींशी बोलणारी बायको डोळ्यांपुढे उभी राहिली.

बाईंनी त्याला ओळखलं नव्हतं. कशासाठी शिकायचंय, असं त्यांनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"खिडकीजवळ बसायची ती," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा उभी राहून पाच वाक्यं सलग बोलली ना, तो दिवस मला लख्ख आठवतो. विषय दिला होता, माझे यजमान."

"काय म्हणाली?"

बाईंनी थोडं अडून सांगितलं. "म्हणाली, माझा नवरा चांगला माणूस आहे. तो बोलतो, मी ऐकते. मला आवडतं. पण घरी माझी पाळी येत नाही. इथे येते." आणि घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "तक्रार नव्हती हो ती. हसत हसत म्हणाली होती. सगळा वर्ग हसला."

तो जिना उतरून रस्त्यावर आला आणि दुकानाच्या उलट दिशेनंच चालायला लागला. चालता चालता त्यानं बायकोची जुनी वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. आजारपणाआधीची, मराठीतली. अख्ख्या संसारातली चार वाक्यं तरी. "मग?" आठवलं. "हं" आठवलं. "पोळी वाढू का?" आठवलं. त्यापुढे जिथे जिथे तिचं बोलणं असायला हवं होतं, तिथे त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याला रडू फुटलं.

क्लास मात्र त्यानं सोडला नाही. बाई पोरांना सांगायच्या, "चुका, पण थांबू नका." त्याला सांगायच्या, "तुम्ही थांबायला शिका. एक वाक्य बोला आणि थांबा. समोरचं माणूस बोलेपर्यंत दुसरं वाक्य काढायचं नाही." हे त्याला इंग्रजीपेक्षा जड गेलं. सलूनमध्ये गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर उभा राहून सराव करायचा. "हाउ आर यू टुडे?" म्हणायचं आणि आरशातल्या माणसाकडे बघत गप्प राहायचं. शेजारचा पानवाला एकदा डोकावला आणि म्हणाला, "काय रेडिओ, स्टेशन बदललं वाटतं?" त्याच्याजवळ उत्तर तयार होतं, नेहमीसारखं झणझणीत. पण द्यावंसं वाटलं नाही.

घरी त्यानं पहिलं वाक्य बोलायला धीर एकवटला तेव्हा संध्याकाळ होत होती. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. त्यानं शर्टाला हात पुसले, तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि म्हणाला, "यू... वॉन्ट टी?"

तिनं चमकून पाहिलं. कितीतरी वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग चेहऱ्याची चालती बाजू हसली. "यस," ती म्हणाली. "लिटल शुगर." मग बोट उचलून दवाखान्यातल्या आवाजात, "गुड. व्हेरी गुड, सर."

त्यानं तिला कितीदा सांगितलं, नॉट सर. हजबंड. तिला ते कळायचं, मान हलवायची, पण तोंडून सरच यायचं. मराठीत नवऱ्याला हाक मारायचा तिचा एकच शब्द होता, आणि तो गेला होता तो गेलाच. रोज दुपारी दुकान बंद करून येताना तो जिन्यात क्षणभर थांबायचा, की आज येतो का तो शब्द. आला नाही.

तरी ते काही महिने वाईट गेले असं त्याला म्हणवत नाही. शब्द थोडे असल्यामुळे फुकट घालवता येत नव्हते. ती एक शब्द टाकायची, मग दुसरा शोधत बसायची. तो शोध चालू असताना त्याला मध्ये घुसता येत नसे, कारण घुसायला त्याच्याकडे तरी शब्द कुठे होते? दोघं एकमेकांसमोर बसून वाट बघायची. त्यात त्याला कळलं की तिला सलूनच्या पावडरचा वास कधीच आवडला नव्हता. की तिला गच्ची आवडायची. की मुलीच्या लग्नानंतर ती दवाखान्याच्या न्हाणीघरात जाऊन रडायची. हे सगळं असं तुटक, एकेका तुकड्यानं यायचं, आणि तो रात्रीच्या जेवणापर्यंत तुकडे जोडत राहायचा.

एक दिवस ती अचानक म्हणाली, "ब्रदर."

तिचा एक धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत पडून गेला होता, एवढं त्याला माहीत होतं. सासरे कधीतरी म्हणाले होते.

"युवर ब्रदर?"

"स्मॉल. वॉटर." ती थांबली. डाव्या हातानं तिनं खुर्चीची कड धरली. "आय वॉज देअर. आय सॉ."

"यू सॉ?"

"आय सॉ. आय... डिड नॉट शाउट." मग तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. "नो शाउट. नो व्हॉइस."

सहा-सात वर्षांची पोर विहिरीच्या काठावर उभी आहे आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नाही. हे ओझं घेऊन ही बाई त्याच्या घरात आयुष्यभर पोळ्या लाटत "मग?" म्हणत होती. मराठीत त्याच्याकडे अशा वेळी म्हणायला किती तरी होतं. तू लहान होतीस गं. तुझा काय दोष. दातखिळी बसते माणसाची. त्यातलं एकही वाक्य त्याला तिच्या भाषेत करता येईना. क्लासात शिकवलेलं एकच जवळचं सापडलं. "आय अ‍ॅम सॉरी," तो म्हणाला. पायावर पाय पडला तरी माणसं हेच म्हणतात, आणि इतक्या मोठ्या दुःखालाही हेच. त्याला लाज वाटली. पण तिनं मान हलवली. तिला ते पुरलं, किंवा पुरलं असं तिनं त्याला दाखवलं. तो तिचा लुळा हात मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिला.

त्याचं इंग्रजी सुधारत गेलं. क्लासातली पोरं त्याला 'अंकल' म्हणून पुढच्या बाकावर बोलवायला लागली. इस्पितळात तपासणीला गेलं की परप्रांतातून आलेल्या नव्या डॉक्टरांशी तोच सरळ बोलायचा. व्याकरणाचे हाल व्हायचे, पण कचरायचा नाही. अशाच एका तपासणीत डॉक्टर म्हणाले की दुसरा झटका येऊ शकतो आणि तो मोठा असेल. पूर्वी हे वाक्य त्याच्या डोक्यावरून गेलं असतं, मागाहून कोणीतरी गोड करून सांगितलं असतं. आता ते जसंच्या तसं कळलं. शेजारी बसलेल्या तिलाही कळलं. परतीच्या रिक्षात तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटला सांगायची तसं सांगितलं, "नो पेन. क्विक. डोन्ट वरी."

थंडी सरता सरता दुसरा झटका आला. सकाळची वेळ होती, तो चहा गाळत होता. तिनं आतून काहीतरी म्हटलं. चहाची वाफ, गॅसचा आवाज, त्याला नीट ऐकू आलं नाही. तो आत गेला तेव्हा तिची मान कलली होती. काय म्हणाली, कुठल्या भाषेत म्हणाली, हे त्याला कधीच कळलं नाही. पुढे किती तरी दिवस तो स्वयंपाकघरात त्याच जागी उभा राहून तो आवाज आठवायचा प्रयत्न करायचा. आवाज आठवायचा, शब्द हाती लागायचा नाही.

क्लासच्या बाई भेटायला आल्या. जाताना दारात म्हणाल्या, "जमेल तेव्हा या क्लासला. सोडू नका, छान बोलायला लागला आहात."

"कोणाशी बोलू, बाई?" त्यानं विचारलं.

त्या त्याच्या खांद्यावर थोपटून निघून गेल्या.

मुलगी बाळाला घेऊन येऊन राहिली होती. तिला आईबद्दल ऐकायचं होतं. शेवटचे महिने तिनं फोनवरच काढले होते आणि ते तिला आत कुठेतरी खात होतं. आई तुमच्याशी काय काय बोलायची, असं ती सारखी विचारायची. त्यानं सांगायला सुरुवात केली. गच्चीचं सांगितलं, न्हाणीघरातल्या रडण्याचं सांगितलं. पण मराठीत सांगताना बायकोचे दोन शब्द त्याच्या तोंडी दहा व्हायला लागले. त्याला तालासुरात फुलवून सांगायची जुनी सवय होती, आणि आपण पुन्हा तिच्या जागी बोलतो आहोत हे ध्यानात येऊन तो मध्येच थांबायचा. मुलीला वाटायचं, बाबांना गहिवरून आलं.

ती परत जायची होती त्या सकाळी तो लवकर उठला. आधण ठेवलं, साखर बेतानं घातली, दोन कप भरले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हळू, सावकाश म्हणाला, "टी इज रेडी." मग थांबला.

आत बाळ कुरकुरलं. मुलगी केस बांधत दारात आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या कपांकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्याशी मराठीत बोला ना."

"हो," तो म्हणाला. आणि पुढे काय बोलावं ते शोधत, कप हातात धरून उभा राहिला.